खुंटीवरची चंची

आमच्या लॅबमध्ये कार्ड वाकवण्याचं यंत्र आहे, पिळण्याचं यंत्र आहे, उन्हाळा-हिवाळा दाखवणारी एक पेटी आहे, आणि या सगळ्यांच्या शेजारी भिंतीतल्या खुंटीला एक चंची टांगलेली आहे. लाल खणाची, चार कप्प्यांची, गुंडाळून नाडीनं बांधायची. आत सुपारीची खांडं, अडकित्ता, चुन्याची डबी आणि तीन नाणी. बाहेरून तपासणीला पाहुणे आले की हमखास तिच्याकडं बोट दाखवतात. मी सांगते, हे उपकरण क्रमांक नऊ. ते हसतात. मग मी सांगते की या उपकरणापायी एकदा आम्हाला अख्खा लॉट परत बनवून गावोगाव बदलून द्यावा लागला होता. तेव्हा ते चंचीच्या जरा जवळ जाऊन बघतात.

ही चंची आणणारे आमचे साहेब आता रिटायर होऊन करमाडला असतात. मी डिप्लोमा करून कंपनीत लागले तेव्हा ते लॅबचे मुख्य होते. वर्कर लोक त्यांना पाठीमागं ‘मोडसाहेब’ म्हणायचे, कारण आठ तास कार्डं मोडणं हेच त्यांचं काम. त्यांना ते नाव माहीत होतं. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी चुकून तोंडावरच म्हणालं, तर म्हणाले, “मी मोडतो म्हणून तुमी बनवलेलं टिकतं. बसा, जेवा.”

आमची कंपनी जालना रोडला, शेंद्र्याच्या बाजूला. आम्ही कार्डं बनवतो. बँकेची, बसची, दवाखान्याची, हल्ली तिन्ही मिळून एकच. कार्ड कोरं असलं तरी ते बाहेर जाता कामा नये, म्हणून आमच्या युनिफॉर्मला खिसेच नाहीत. आत जाताना तपासणी, बाहेर येताना तपासणी. एखादं कार्ड बिघडलं तरी ते दोघांच्या देखत यंत्रात घालून त्याचा भुगा करायचा आणि दोघांनी सही करायची. एकट्यानं काही करायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तिजोरीला दोन किल्ल्या, कागदाला दोन सह्या.

बाकीचे लोक हा नियम गेटपाशी ठेवून घरी जायचे. साहेब तो घरी घेऊन गेले होते. त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागं एक कागद खिळ्याला अडकवलेला असे. झोपताना गॅस बंद केला की त्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, सही करायची आणि साहेबांनी पडताळून दुसरी करायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेले तेव्हा बाईंनीच मला तो दाखवला. “लग्नात बी हेच,” त्या म्हणाल्या. “सगळी अक्षता टाकून जेवाय बसली, आन् हे रजिस्टरवर दुसरी सही कुठंय म्हनून भटकत होते.” साहेब गंभीरपणे म्हणाले, “लागते दुसरी सही. एकट्याचं लग्न कुठं असतंय?”

सहीचं त्यांचं प्रकरण मी आधी विक्षिप्तपणात जमा करून टाकलं होतं. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आईनं आयुष्यभर अंगठा दिला. साठी उलटल्यावर साहेबांनी तिला सही शिकवली. पाटीवर सहा महिने. “ज्या दिवशी पासबुकावर पहिली सही केली, त्या दिवशी ती बँकेतून बाहेरच येईना,” ते म्हणाले. “म्हनली, अजून कुठं करायची असंल तर बघ. तव्हापासून मला सही स्वस्तात करता येत नाय, ताई.” मला ते ताई म्हणत. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण ताई.

कार्डाची सगळी पिढ्यानपिढ्यांची हकिकत त्यांना पाठ होती आणि ती ते घरातल्या पोरांबद्दल बोलावं तशी सांगत. पहिलं कार्ड म्हणजे नुसतं उठावाच्या अक्षरांचं. कार्बनच्या कागदाखाली ठेवून वरून खटका मारायचा, की आकडे कागदावर. “ते आडदांड होतं. त्याला काही होत नव्हतं, पण त्याला काही कळतबी नव्हतं.” मग पाठीवर काळी पट्टी आली. “पट्टी लई नाजूक. लोहचुंबक दिसला की सगळं विसरायची.” मग सोनेरी चिप आली, आणि शेवटी पोटात तांब्याच्या तारेचे वेढे आले. केसापेक्षा बारीक तार. कार्ड यंत्रात घालायला नको, नुसतं टेकवलं की काम. साहेब नवं कार्ड ट्यूबलाइटसमोर धरून त्यातली तार मला दाखवायचे. “कार्ड शहाणं होत चाललंय, ताई. आता ठेवणाऱ्याला येडं म्हणू नका म्हंजे झालं.”

एका कार्डात अनेक कामं, असं आमच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. साहेब त्यावर नाक मुरडत. कार्ड पहिल्या दिवसापासून अनेक कामांचंच होतं, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यानं परातीला चिकटलेलं पीठ खरवडतात, गाडीच्या काचेवरचा चिखल काढतात, ओढून घेतलेल्या दाराची कडी उघडतात, पाठ खाजवतात. हे सगळं त्यांनी एका वहीत उतरवलं होतं आणि प्रत्येक कामाची रीतसर चाचणी केली होती. कणकेच्या चाचणीसाठी ते घरून परात घेऊन आले. गेटवरच्या गार्डनं परातीची नोंद कोणत्या रकान्यात करायची म्हणून वर फोन केला होता.

माहिती गोळा करायची त्यांची रीत म्हणजे उभं राहून बघणं. सुटीच्या दिवशी शहरात यायचे, चहाच्या टपरीपाशी, औषधाच्या दुकानापाशी, कुठंतरी एटीएमपाशी उभे राहायचे आणि लोक कार्ड कुठून काढतात ते बघायचे. मागच्या खिशातून, टोपीतून, मोबाइलच्या कव्हरमधून, झंपरमधून. एका रविवारी मला त्यांचा फोन आला. “ताई, जरा गुलमंडीला ये. मला धरून ठेवलंय.”

गेले तर एटीएमच्या पायरीवर साहेब शांत बसलेले, भोवती पंधरा-वीस माणसं, आणि एक म्हातारा गार्ड काठी घेऊन उभा. “दो घंटे से देखरूं मैं इनको,” गार्ड मला म्हणाला. “हर आदमी के जेब में झांकरे. मैं बोला चचा, क्या देखरे? बोले कार्ड नहीं देखरूं, कार्ड कां से निकलता वो देखरूं. अब बोलो मॅडम, ये कोई बात हुई?” मी माझं ओळखपत्र दाखवलं, साहेबांचं दाखवलं, खूप समजावलं. गार्डनं शेवटी त्यांना सोडलं. निघताना साहेबांनी त्यालाच विचारलं, “तुम्ही कुठं ठेवता हो कार्ड?” गार्ड जरा घुटमळला, मग त्यानं बूट काढला आणि मोज्यातून कार्ड काढून दाखवलं. घामानं पिवळं पडलेलं. साहेबांचा चेहरा असा उजळला की गर्दीलाही हसू आलं. सोमवारी लॅबमध्ये मिठाच्या पाण्यात बुडवलेला एक मोजा वाळत होता.

हे सगळं आम्ही थट्टेवारी नेत असू, आणि मीही त्यात होते. मला वाटायचं, यंत्रं आहेत, मानकं आहेत, हजार वेळा आडवं, हजार वेळा उभं वाकवून कार्ड पास होतं, मग ह्या परातीचं न् मोज्याचं काय? साहेब यंत्राला नावं ठेवत नसत. फक्त म्हणत, “यंत्र एकाच रीतीनं मोडतं. माणसाच्या लई रीती आहेत.”

मग ते मोठं काम आलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं कार्ड. बसमध्ये टेकवलं की सवलतीचं तिकीट, दवाखान्यात टेकवलं की केसपेपर, बँकेत टेकवलं की पेन्शन. कंपनीला असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. मॅनेजरनी पेढे वाटले. माझं तेव्हा प्रोबेशन चालू होतं आणि दोन महिन्यांत कायम व्हायचं होतं.

साहेबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “म्हाताऱ्या बाया हे ठेवतील कुठं?” दुसऱ्या दिवशी ते आईची जुनी चंची घेऊन आले. कार्ड बाहेर नेता येत नाही, म्हणून त्यांनी चंचीच आत आणली. सुपारी, अडकित्ता, चुना, नाणी, सगळं आईनं भरून दिलं होतं तसंच. रोज सकाळी ते तिजोरीतून चाचणीचं कार्ड घेत, चंचीत ठेवत, चंची युनिफॉर्मच्या आत कमरेला खोचत आणि मग दिवसभर आईसारखे वावरत. म्हणजे लॅबच्या फरशीवर उकिडवे बसत, वाकून झाडत, भिंतीला टेकून पाय पसरत, पुन्हा उठत. संध्याकाळी कार्ड तिजोरीत परत, सही, माझी सही. सहा फुटांचा टकलू माणूस कमरेला चंची लावून फरशी झाडतोय, हे बघायला पॅकिंगच्या मुली मुद्दाम काचेपाशी यायच्या.

अकराव्या दिवशी कार्ड मेलं. वरून टवटवीत, अक्षरं शाबूत, चिप चकचकीत. यंत्राला टेकवलं तर काही नाही. साहेबांनी मग दुसरं कार्ड घेतलं. ते नवव्या दिवशी गेलं. तिसरं बाराव्या. अडकित्त्याच्या दांडीवर कार्ड रोज जरासं वाकायचं, नेमकं तार चिपला जिथं जोडलेली तिथंच. यंत्र कार्डाला सबंध वाकवतं, तिथं एका जागी दाबत नाही. ट्यूबलाइटसमोर धरून त्यांनी मला तुटलेली जागा दाखवली. खुशीत नव्हते. “तार जरा लांबून फिरवली तर टिकंल,” एवढंच म्हणाले.

मॅनेजर पुण्याचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, कार्ड सगळ्या मानकांत पास आहे. आता डिझाइन बदललं तर दोन महिने जातील आणि काम हातचं जाईल. चंची कुठल्या मानकात बसते, मला दाखवा.”

“चंची मानकात बसत नाय,” साहेब म्हणाले. “कार्ड चंचीत बसतंय.”

त्यांनी पडताळणीची सही केली नाही. ती मॅनेजरला करता येत होती, त्यांनी केली. पण तपासणाऱ्याची सही लॅबचीच लागते, आणि यंत्रावरच्या चाचण्या मी केल्या होत्या. कागद माझ्यासमोर आला. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “सही कर, ताई,” ते हळूच म्हणाले. “यंत्रावर पास झालंय, हे खरंय. खऱ्यावर सही करायला भ्यायचं नाय. फक्त खाली शेऱ्याचा रकाना आहे, त्यात चंचीचं लिही. तेबी खरंय.”

आमच्या कागदावर शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना असतो. सहसा त्यात कुणी काही लिहीत नाही. मी सही केली. मग बराच वेळ पेन धरून बसले. मॅनेजर दारात उभे होते. मी शेऱ्यात लिहिलं, ‘निरंक’.

साहेबांनी कागद उचलला, वाचला, आणि फाइलला लावला. मला वाटलं होतं, बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर त्यांनी नेहमीसारखा निम्मा ठेचा माझ्या झाकणात काढून दिला. मी कायम झाले. पाच महिन्यांनी ते रिटायर झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी भाषणात यंत्रांची आठवण काढली, गार्डची काढली, चंची कमरेला लावून घरी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात कार्डं परत यायला लागली. आधी एक पाकीट, मग खोकं, मग खोकी. पाचोडकडून, पैठणकडून, अजिंठ्याच्या बाजूनं. लॅब आता माझ्याकडं होती. मी पहिलं खोकं उघडलं आणि खोलीभर सुपारी-तंबाखूचा वास पसरला. कार्डांच्या कडांना चुना लागलेला होता. एकेक कार्ड ट्यूबलाइटसमोर धरायची मला गरज नव्हती, तरी धरलं. तार तिथंच तुटली होती. पेन धरून बसले होते तेव्हा जे माहीत होतं, तेच मला परत दिसत होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मॅनेजरनी कारणांचा अहवाल मागितला आणि कारणही सांगितलं. “अयोग्य हाताळणी, असं लिही. म्हणजे बदलून द्यायची जबाबदारी आपल्यावर येत नाही.” एका ओळीचा प्रश्न होता. त्या ओळीवर ठरणार होतं, की हजारो म्हाताऱ्यांना नवी कार्डं मिळायची, की चूक तुमचीच म्हणून सांगायचं. आमच्याकडं कार्ड बाहेर न्यायला बंदी आहे, कोरा फॉर्म न्यायला नाही. मी तो पर्समध्ये घातला आणि करमाडला उतरले.

साहेब अंगणात नातीच्या सायकलला पंप मारत होते. “ये, ताई,” म्हणाले. बाईंनी चहा टाकला. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्यामागं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. खाटेवर त्यांची आई बसली होती. अंगानं चिपाड, पण नजर लख्ख. मी कार्डाच्या कंपनीतली, हे कळल्यावर तिनं सुनेला खूण केली. बाईंनी मूर्तीमागचा रुमाल आणून माझ्या मांडीवर ठेवला. आत आमचं कार्ड होतं.

“बघ गं बाई,” म्हातारी म्हणाली. “म्या कायी वंगाळ केलं का त्याला? पान्यात नाय घातलं, चुलीपाशी नाय ठिवलं. नव्या चंचीत व्हतं. कंडक्टर म्हनला, आजी, तुमीच खराब केलं. लोकं बघाय लागली. मंग म्या मधीच उतरले.”

“तव्हापासून एकटी जात नाय,” बाई म्हणाल्या. “आधी दवाखान्याला आपली आपण जायची, कुणाला सांगायची बी नाय. आता ह्यांची वाट बघत बसती.”

म्हातारी माझ्याकडं बघत होती. “माझीच चूक झाली असंल,” ती म्हणाली. “शिकल्याली मान्सं बनवत्यात, ती कशी चुकतील?”

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी आईला काहीच सांगितलं नव्हतं. चंचीचं नाही, अकरा दिवसांचं नाही, माझ्या सहीचं तर नाहीच. ते खाली बघून चहा फुंकत होते. मी म्हणाले, “आजी, तुमची चूक नाही. माझी आहे.” तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. तिनं नुसता माझा हात थोपटला.

मी फॉर्म काढला, खाटेच्या कडेवर ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘कार्ड चंचीत टिकत नाही. वापरणाऱ्यांची चूक नाही. लॉट पाठवण्यापूर्वी लॅबमध्ये हे तीन वेळा दिसलं होतं. मला माहीत होतं. मी शेऱ्यात निरंक लिहिलं.’ खाली सही केली. अक्षर तिरकं आलं.

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. युनिफॉर्मला कधी नव्हता तो खिसा आता त्यांच्या सदऱ्याला होता. त्यांनी कागद सावकाश, दोनदा वाचला. “नोकरी जाईल,” म्हणाले.

“व्हय,” मी म्हणाले. त्यांच्यासारखं माझ्या तोंडून कधी निघालं मला कळलं नाही.

“अक्षर काय तुझं सुधारलं नाय.” मग त्यांनी पेन मागितलं. माझ्या सहीच्या शेजारी पडताळणाऱ्याची जागा रिकामी होती. तिथं त्यांनी सही केली. लांबलचक, सबंध नाव लिहून, जशी त्यांनी आईला पाटीवर शिकवली असेल तशी. रिटायर माणसाच्या त्या सहीला कंपनीत काडीची किंमत नव्हती, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. निघताना त्यांनी जुनी चंची माझ्या हातात दिली आणि बजावलं, “गेटवर नोंद कर. परातीच्या रकान्यात.”

सकाळी कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही दुसरी सही कुणाची?”

“ज्यांनी पडताळलं होतं, त्यांची,” मी म्हणाले.